विंचवाचं खरं नाव

खैरखेड्यात दिवेलागण झाली की विंचवाला कोणी विंचू म्हणत नसे. अहिराणीतला इच्चूदेखील त्या वेळी तोंडातून काढायचा नाही. समोर भिंतीवर नांगी उभारून बसला असला तरी 'किडूक निंघनं' एवढंच म्हणायचं आणि चप्पल शोधायची. नाव ऐकलं की आपल्याला बोलावलंय असं समजून तो येतो, अशी गावाची खात्री होती. गाव शिंदखेड्यापासून एस.टी.ने अर्ध्या तासावर. भोवती मुरमाड रान, घरं दगडमातीची, आणि प्रत्येक घरामागे गोवऱ्यांचा ढीग. एवढी सोय असताना विंचू बोलावण्याची वाट बघत बसला असेल, हे काही खरं वाटत नाही.

पण गाव निर्धास्त होतं, कारण गावात वच्छलाबाई होती. वच्छलाबाईला विंचवाचं खरं नाव ठाऊक होतं.

विंचू पहिल्यांदा जन्माला आला तेव्हा त्याला ज्या नावानं हाक मारली गेली, ते हे नाव. डसलेल्या जागेवर हात ठेवायचा, लिंबाच्या डहाळीनं वरून खाली उतरवत आणायचं आणि ते नाव ओठातल्या ओठात घोळवायचं. आवाज बाहेर येता कामा नये. नाव ऐकलं की विख उतरतं. हे नाव त्यांच्या घरात सासूकडून सुनेकडे येत होतं, आणि नावाबरोबर नियमही येत होते. बोलावणं आलं की जेवत्या ताटावरून उठायचं. ज्याचं विख उतरवलं त्याच्या घरचा चहा नाही की पाणी नाही. शिवेबाहेर रात्र काढायची नाही. नाव द्यायचं तर ग्रहण लागल्यावर, नदीच्या पाण्यात उभं राहून, घेणारीच्या कानातच. आणि भरदिवसा चार माणसांत ते नाव कोणी उच्चारलं, तर नाव मेलं आणि नियमही सुटले. हे नियम ज्यानं केले त्याला स्वतःला ते पाळायचे नसावेत.

वच्छलाबाईला नाव मिळालं ऐंशी सालच्या ग्रहणात. त्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, सगळं गाव दारं लावून बसलेलं. सासू मंजुळाबाई तिला घेऊन बुराई नदीवर गेली. पाणी कसंबसं गुडघ्याएवढं. ऊन विटल्यासारखं झालं तसं सासूनं तिच्या कानाशी तोंड नेलं, नाव सांगितलं आणि म्हणाली, "आते तू मन्ही नही, गावनी." वच्छलाबाईला तेव्हा मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं होतं. घरी परतताना ती ओल्या लुगड्यानिशी ताठ चालत होती. मंजुळाबाई मात्र दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून मुक्ताबाईच्या दर्शनाला एदलाबादला निघून गेली आणि महिनाभर फिरकली नाही. वच्छलाबाईनं त्यावरूनच ओळखायला हवं होतं.

त्यानंतर वच्छलाबाईचं माहेर तुटलं. माहेर काही लांब नव्हतं, पण सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं, त्यात निम्मा वेळ एस.टी.ची वाट पाहण्यातच जायचा. भावाच्या लग्नात हळद लावून ती परतली. अक्षता टाकायला राहता आलं नाही. आई गेली तेव्हा निरोप उशिरा आला, आणि रात्र पडेल म्हणून नवऱ्यानं, झुलालनं, तिला जाऊ दिलं नाही. झुलाल वाईट माणूस नव्हता. बायकोमुळे चावडीवर त्याला बसायला जागा मिळायची, लोक विडी पुढे करायचे, आणि एवढं मिळत असताना बायको घरात आहे की अडकून पडली आहे, हे तपासायची त्याला गरज वाटली नाही. तोही पुढं कावीळ होऊन गेला.

एकुलती एक मुलगी, कोकिळा. लग्न होऊन जळगावला मेहरूणमध्ये दिली. जावई वाल्मीक डाळमिलमध्ये कामाला, सरळ स्वभावाचा. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी. दुपारची वेळ होती, कळा सुरू झालेल्या, सुईण पायाशी आणि वच्छलाबाई उशाशी. कोकिळानं आईचं मनगट घट्ट धरलं होतं. तेवढ्यात दारात गावातला तोताराम येऊन उभा राहिला.

"अक्का, चाला. बापले इच्चू डसना."

वच्छलाबाई एकदा मुलीकडे बघे, एकदा दाराकडे. नाव घेतल्यापासून ती एकदाही 'नाही' म्हणाली नव्हती. नाही म्हटलं आणि तो माणूस दगावला, तर ते घरावर येतं, असं सासूनं बजावून ठेवलं होतं, आणि घरात या घडीला कोकिळा बाळंत होत होती. तिनं मुलीची बोटं एकेक करून सोडवली. "आत्तेच येस, बाई," म्हणाली आणि गेली.

तोतारामचा बाप तासाभरात उठून बसला. आजही तो आहे, पारावर बसून विड्या ओढतो. इकडे बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा पडला होता, सुईण एकटी, धरायला दुसरं कोणी नाही. बाळ रडलंच नाही. आई हजर असती तर ते वाचलं असतं का, हे कोणीच सांगू शकत नाही, आणि कोकिळानंही तसं कधी विचारलं नाही. वच्छलाबाई दारात आली तेव्हा ती एवढंच बोलली, "माय, तू उठीसन गयी." त्यानंतर ती माहेरी आली नाही.

पंचाण्णव साली दसऱ्याच्या सुमारास वाल्मीक एकटाच आला. कोकिळाला पुन्हा दिवस गेले होते, दिवाळीच्या आसपास सुटका होणार होती. या वेळी सिव्हिलमध्ये नाव घातलं होतं. त्यानं चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाला, "अक्का, तिनं सांगितलंय तसंच सांगतो, रागावू नका. येशी तं ऱ्हावाले ये. उठीसन जानं व्हई तं येऊच नको."

वच्छलाबाई रागावणार कोणावर? ती त्याच संध्याकाळी नाव घेणारी शोधायला निघाली. दिवाळीला लागून ग्रहण येणार होतं, गावात त्याचीच चर्चा होती. नाव त्या ग्रहणात देता आलं तर ती मोकळी होणार होती, तेवढ्यात मुलगी अडली नाही म्हणजे झालं. तशी ती आधीच्या ग्रहणांनाही बायकांना विचारून दमली होती, पण आता तिला दम खायची सोय नव्हती. शेजारच्या द्रौपदाबाईची सून हुशार, हाताला हलकी. तिला वच्छलाबाईनं न्हाणीशी गाठलं. सून हसली, घागर कमरेवर घेतली आणि म्हणाली, "अक्का, नाव लेसू मी. पन मंग माले माहेरले कोन जाऊ देई?" द्रौपदाबाई ओट्यावरून ऐकत होती, तिनं सुनेला घरात बोलावून घेतलं. पुढच्या घरी सुनेला लहान मूल होतं, त्याच्या पुढच्या घरी सासूच नको म्हणाली. विंचू डसला तर याच बायका अर्ध्या वाटेवरून 'अक्का, अक्का' ओरडत यायच्या. अक्का सगळ्यांना हवी होती, फक्त आपल्या घरात कोणाला नको होती.

वच्छलाबाईच्या घरामागे हायस्कूलची भिंत होती. ऊन चांगलं लागतं म्हणून ती तिथे गोवऱ्या थापायची. शाळेनं दोनतीनदा तक्रार करून पाहिली, मग नाद सोडला. त्या भिंतीला नववीच्या वर्गाची खिडकी होती, आणि मराठी शिकवायला नवीन आलेले पितांबर गुरुजी मोठ्या आवाजाचे. अमळनेरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. गुरुजींना शब्दांची खानदानं सांगायची हौस होती. धडा राहायचा बाजूला, आणि हा शब्द कुठून आला, त्याचा आजा कोण, पणजा कोण, असं सुरू व्हायचं. पोरांना धड्यापेक्षा हेच आवडायचं. वच्छलाबाईलाही आवडायचं, हात शेणात आणि कान खिडकीत.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका सकाळी गुरुजींनी विचारलं, "घरात नांगीवालं काय निघतं रे?"

"इच्चू!" सगळा वर्ग ओरडला.

"पुस्तकात त्याला काय म्हणतात? विंचू. आणि पंचांगात, राशीत? वृश्चिक. संस्कृतात त्या शब्दाच्या मुळाशी तोडण्याची क्रिया आहे. वृश्चिक म्हणजे तोडणारा. आता वृश्चिकाचा विंचू एका दिवसात झाला नाही. मधे शेकडो वर्षं गेली. तेव्हा आपल्याकडचे लोक जी भाषा बोलत, तिच्यात त्याला म्हणत..." खडूचा आवाज आला. "म्हणा माझ्यामागून. विंछिओ."

"विंछिओ!" नववीचा अख्खा वर्ग म्हणाला.

वच्छलाबाईच्या हातातला शेणाचा गोळा खाली पडला. बुराईच्या पाण्यात सासूनं कानात सांगितलं होतं ते हेच. अक्षरन् अक्षर हेच. आता तुम्ही म्हणाल, इच्चू आणि विंछिओ, सारखं तर वाटतं, बाईच्या कधी लक्षात कसं आलं नाही? पण भीत भीत कानात सांगितलेलं नाव माणूस उलटंपालटं करून बघत नाही. तिनं तर ते पंधरा वर्षांत एकदाही आवाज काढून म्हटलं नव्हतं. स्वतःच्या तोंडून कसं ऐकू येतं, हेही तिला ठाऊक नव्हतं. आणि इथे पोरं ते पुन्हा पुन्हा ओरडत होती, एक जण तर नाकात बोलून सगळ्यांना हसवत होता.

तास संपला तशी ती शेणाच्या हातांनी खिडकीशी गेली.

"गुरुजी, तो मधला शब्द कोना शे?"

"बठ्ठासना शे, अक्का, सगळ्यांचाच," गुरुजी फळा पुसता पुसता हसून म्हणाले. "त्या काळात घरात निघाला की बायका ओरडत असतील, विंछिओ, विंछिओ. आपण इच्चू इच्चू ओरडतो तसं."

"पन त्याना अर्थ काय?"

"अर्थ?" गुरुजींना प्रश्नच कळला नाही. "विंचू. आणखी काय असणार?"

आणखी काय असणार! वच्छलाबाई घरी येऊन चुलीपुढे बसली. चूल पेटवायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. तिनं जे जिवापाड सांभाळलं होतं ते मंतरलेलं नव्हतं, गुप्तही नव्हतं. कधीकाळी कोणीतरी बाई 'विंचू, उतर' एवढंच म्हणाली असेल. पुढं सगळ्यांची भाषा बदलत गेली, आणि या घरातल्या सुनांच्या कानात तो एक शब्द तसाच राहिला. त्या एका शब्दासाठी आईचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही. त्याच्यासाठी कोकिळाची बोटं सोडवली. तोडणारा, म्हणाले होते गुरुजी. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, आणि रागामागून एक विचार आला की भरदिवसा चार माणसांत नाव उच्चारलं गेलं आहे. नाव मेलं. नियमाप्रमाणेच मेलं. आपण मोकळ्या आहोत, आता ग्रहणासाठीही थांबायला नको.

तिनं दोन लुगडी, बाळासाठी शिवलेली दुपटी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा पिशवीत भरला आणि धनत्रयोदशीच्या दुपारी, धुळ्याची एस.टी. यायच्या वेळेला, फाट्यावर जाऊन उभी राहिली. गावात ही बातमी तिच्या आधी फाट्यावर पोचली होती. हिलाल आबा, गावातले वडीलधारे, काठी टेकत आले.

"वच्छला, तू शिव वलांडशी तं आमले कोन?"

"आबा, मन्ही पोर अडेल शे."

तेवढ्यात शेताकडून बैलगाडी आली. सुपडू बैलांना मारत होता आणि गाडीत त्याची बायको पाय धरून कण्हत होती. कापूस वेचताना तिला विंचू डसला होता. एस.टी.ची धूळही त्याच वेळी लांबून दिसायला लागली.

"अक्का!" सुपडू ओरडला. "बरं झायं, तुम्ही आठेच भेटन्यात!"

वच्छलाबाईनं डोळे मिटले. मग पिशवी खाली ठेवली आणि फाट्यावर जमलेल्या सगळ्यांदेखत, आयुष्यात पहिल्यांदा, ती मोठ्यानं बोलली. "विंछिओ! ऐका बठ्ठा. हाई शे त्यानं नाव. शाळामा शिकाडतस. नाव मरनं. मन्हापा आते काहीच नही."

दोन म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. हिलाल आबांनी काठी घट्ट धरली. पण आभाळ पडलं नाही. सुपडूनं तर नीट ऐकलंही नव्हतं. त्यानं बायकोला हात देऊन खाली उतरवलं आणि म्हणाला, "मरनं तं मरू द्या, अक्का. तुम्ही हात ठेवा फक्त."

आता मात्र वच्छलाबाईला कळलं. कोणाला नावाशी घेणं-देणं नव्हतं. कधीच नसावं. नाव निदान कोणाला देऊन मोकळं तरी होता आलं असतं. हात कोणाला देणार?

एस.टी. येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडलं, आणि वच्छलाबाई सुपडूच्या बायकोला दंडाला धरून आत घेऊन गेली. शिंदखेड्याला सरकारी दवाखाना होता, एस.टी. त्याच्यावरूनच जात होती. सुपडू बैल कोणाच्या तरी हवाली करून धावत मागून चढला. कंडक्टर कुरकुरला, पण बाईचं कण्हणं ऐकून गप्प बसला. सारी वाट वच्छलाबाईनं तो पाय मांडीवर घेतला होता आणि हात त्यावर होता. नाव तिनं घेतलं नाही. निदान घ्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. दवाखाना आला तोवर ती बाई तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. सुपडूनं वच्छलाबाईकडे बघून हात जोडले. ते बघून तिनं आपला हात पदराखाली घेतला. नर्सच्या ताब्यात त्यांना देऊन ती मागं न बघता पुढच्या गाडीत बसली.

जळगावला पोचली तेव्हा कोकिळा आदल्या दिवशी बाळंत झालेली होती. मुलगा, अंगानं बारीक, पण आवाज खणखणीत. कोकिळानं आईकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि बाळाला तिच्या बाजूला सरकवलं. मेहरूणच्या घरी आल्यावर ती कमीच बोलायची. वच्छलाबाई शेगडीजवळून उठली तरी ती मान वर करून बघायची, आणि आई पुन्हा बसली की डोळे मिटायची.

वाल्मीकला मात्र सासूचं फार कौतुक. त्यानं डाळमिलमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यात त्याचा वाईट हेतू काडीचा नव्हता, आणि असल्या माणसांना बोलताही येत नाही.

ग्रहणाच्या सकाळी अख्खी गल्ली दारं-खिडक्या लावून बसली होती. बाळंतिणीला आणि बाळाला तर खोलीबाहेर पडायची बंदी. बाहेरचं ऊन विटलं. वच्छलाबाईला बुराईचं पाणी आठवलं. ठरल्याप्रमाणे झालं असतं तर या घडीला ती तिथे कोणाच्या तरी कानाशी तोंड नेऊन उभी असती. बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं होतं. तेवढ्यात दार वाजलं.

वाल्मीकनं दार उघडलं. मिलमधला एक हमाल होता. हातगाडीवर त्यानं आपल्या आईला आणलं होतं, म्हातारी पाय आवळून विव्हळत होती. "वाल्मीकभाऊ, शिंदखेड्याकडच्या विंचू उतरवणाऱ्या अक्का आल्यात ना तुमच्याकडे?"

वाल्मीकनं मागं वळून पाहिलं. कोकिळा खाटेवर उठून बसली होती. ती दाराकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती.

वच्छलाबाई जागची हलली नाही. "त्या गावालाच राहिल्या," ती आतूनच म्हणाली. "सिव्हिलला न्या भाऊ, तिथे औषध आहे. वेळ घालवू नका. वाल्मीक, तुम्हीही जा संगती."

दार लागलं. हातगाडीची चाकं खडखडत गल्लीतून लांब जाऊ लागली, आणि त्यामागून म्हातारीचं विव्हळणं बराच वेळ ऐकू येत राहिलं. वच्छलाबाई मान खाली घालून बसली होती. आपला उजवा हात बाळाच्या डोक्यापासून पायांपर्यंत खाली खाली ओढला जातोय, पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली येतोय, हे तिला कळत नव्हतं. तिचे ओठही हलत होते, आवाज नव्हता.

कोकिळा खाटेवरून उतरली, आईजवळ येऊन बसली आणि तिनं तो हात धरला. पहिल्या बाळाच्या वेळी मनगट धरलं होतं, तसाच घट्ट.

"माय," ती हळू आवाजात म्हणाली, "कोनं इख उतारी ऱ्हायनी तू?"

हातगाडीचा आवाज थांबला तरी वच्छलाबाईचे ओठ हलतच राहिले.